परक्या तळहातावरचं इष्टलिंग

मल्लीच्या आधी माझी दोन मुलं गेली. एक बारशाच्या आत, दुसरं नुकतंच रांगायला लागलं होतं तेव्हा. त्यामुळे मल्ली झाली तेव्हा मी आनंद असा केलाच नाही. बाळंतिणीच्या खोलीत पडल्या पडल्या सिद्धरामेश्वराला म्हणाले, "ही तरी ठेवणार आहेस, की हिलाही नुसती दाखवून नेणार?" देवाशी असं बोलू नये, हे मला कळत होतं. पण जिची दोन गेलीत तिला गोड बोलायला कुणी शिकवायचं? पूजा मी रोज करत होते, विभूती लावत होते, सोमवार धरत होते, पण मनात एक अढी बसली होती ती बसलीच होती. देव आहे हे मला मान्य होतं. तो माझा आहे, हे काही केल्या पटत नव्हतं.

पुढचं कळावं म्हणून आमच्याकडची एक रीत आधी सांगते. आम्ही वीरशैव. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत आमचे जंगम गुरू येतात, त्यांना आम्ही अय्या म्हणतो, आणि ते बाळाला इष्टलिंग बांधतात. मुलगा असो वा मुलगी, त्यात भेद नाही. चांदीच्या लहानशा डबीत, म्हणजे करडगीत, ते लिंग असतं आणि करडगी दोऱ्यानं गळ्यात, छातीवर रुळते. ते अंगावेगळं करायचं नाही. काढायचं ते फक्त पूजेला, आणि तेव्हाही डाव्या तळहातावर घ्यायचं. भुईला टेकवायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, आणि एका अंगावर दोन लिंगं बांधायची नाहीत. लिंग आणि प्राण एकच, हे आमच्या लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं. माणूस गेल्यावर मूठमाती देतानासुद्धा त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातावरच ठेवतात.

आमचं घर सोलापुरात बाळीवेशीजवळ. खाली ज्वारीचं दुकान, वर आम्ही. मी, आमचे हे, माझ्या सासूबाई आणि मल्ली, एवढीच माणसं. सासूबाईंना मी अत्ती म्हणत असे, कानडी घरांत म्हणतात तसं. मल्ली चार वर्षांची झाली तोवर तीन भाषांत भांडायला शिकली होती. आजीशी कानडी, आमच्याशी मराठी आणि शेजारच्या विणकरांच्या पोरींशी तेलुगू. आवाज तर असा खणखणीत की हे तिला गिरणीचा भोंगा म्हणत. "भोंगा वाजला, उठा आता," असं म्हणत ते सकाळी अंथरुणातून उठायचे, आणि मल्ली आणखी जोरात ओरडायची. मी वरवर रागवायची. आत मात्र जीव टांगणीला लागलेला असायचा, की एवढा आनंद आपल्या घराला सोसेल का.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वराची, गड्ड्याची म्हणतात ती जत्रा झाली. जत्रेत पोरगी बापाच्या खांद्यावर बसून हिंडली, रेवड्या खाल्ल्या, पाळण्यात बसली. नंतर काही दिवसांनी तिनं जेवण नको म्हटलं. घसा दुखतो म्हणाली. अत्तीनं हळदीचं दूध दिलं, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं. गळा सुजला तेव्हा आम्हाला वाटलं गालगुंड असेल, पेठेतल्या निम्म्या पोरांना होतंच दर वर्षी. मग तिचा आवाज बसला. "भोंग्याला सुट्टी का आज?" असं हसत तिच्या गालावरून हात फिरवून हे ज्वारीच्या खरेदीला वळसंगला गेले. मल्ली हसली नाही. तोंड उघडून श्वास घेत नुसती बघत राहिली.

अत्तीचा नातीवर माझ्याहून जास्त जीव होता, हे मी आज शपथेवर सांगेन. ती दिवसभर मल्लीच्या उशाशी पंचाक्षरी म्हणत बसली होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, "आजार गळ्यात बसलाय. लिंग खाली छातीवर काय करतंय? त्याला तिथंच बसवू या." तिनं दोरा आखूड केला, करडगी बरोबर घशाच्या खळगीत येईल अशी वर घेतली आणि मागे गाठ मारली. गाठ सुटू नये म्हणून मीच तिच्यावर बोट धरलं. आम्हाला दोघींनाही त्यानं धीर आला. देव जिथं हवा तिथं बसला, आता उतार पडेल, असं वाटलं. गळा अजून सुजणार आहे, हे आम्हा अडाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी मल्लीच्या श्वासाला करवतीसारखा आवाज येऊ लागला. अत्ती म्हणाली, "तू हिला घेऊन बस, मी सिद्धरामेश्वराच्या तळ्यात बुडी मारून ओलेत्यानं देवळाला प्रदक्षिणा घालून येते." ती गेली आणि थोड्याच वेळात मल्लीचे ओठ निळसर दिसू लागले. मग मात्र मी कुणाची वाट बघितली नाही. दुकानातल्या गड्याला वळसंगला पिटाळलं, पोरीला शालीत गुंडाळलं आणि रस्त्यावर येऊन दिसेल तो टांगा थांबवला. टांगेवाल्यानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, बच्ची को सीधी पकडो, लेटाव नक्को." सबंध रस्ता मी तिला उभी धरून बसले होते. तोंडानं देवाचं नाव घेत होते आणि मनातून त्याला शिव्या घालत होते.

दवाखान्याच्या ओट्यावर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. तिला जवळजवळ ओलांडूनच मी आत शिरले. डॉक्टरांनी मल्लीचं तोंड उघडून बघितलं आणि माझ्यावर कडाडले, "घटसर्प आहे हा! इतके दिवस काय करत होता तुम्ही?" मग ते म्हणाले, सुई देतो, पण सुई लागू पडेपर्यंत पुरेल एवढा श्वास हिच्याकडे नाही. गळ्याला खालून भोक पाडून नळी घालावी लागेल, आणि आत्ता, या घटकेला. मग त्यांची नजर करडगीवर गेली. दोरा सुजलेल्या मांसात रुतून दिसेनासा झाला होता.

"हे आधी काढा," ते म्हणाले.

"लिंग आहे, डॉक्टर. ते काढत नाहीत."

"मग पोर ठेवायची का नाही, तेवढं सांगा."

 त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. कात्रीनं दोरा कापला आणि करडगी माझ्या हातावर ठेवली. "आता खांदे दाबून धरा. दोन्ही हातांनी. ही नर्स डोकं धरेल. माझ्याकडे तिसरं माणूस नाही."

मी तिथंच खिळले. हात पुढे करावा तर हातात लिंग. ते ठेवायचं कुठं? टेबलावर सुऱ्या, बोळे, कसलंसं पाणी. खाली फरशी. माझ्या गळ्यात माझं लिंग होतं, त्यामुळे तिचं मला बांधता येत नव्हतं. पदरात बांधावं तर पदर सुटला, वाकताना निसटलं, तर? बाहेरच्या कुणाला हे वाचताना वाटेल की काय ही बाई, पोरगी मरतेय आणि ही दगडाची काळजी करतेय. पण मला त्या वेळी माझ्या पोरीचा जीव तिच्या अंगात दिसतच नव्हता. तो माझ्या तळहातावर दिसत होता. हे लिंग पडलं की ती गेली, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं होतं. आणि डाव्या हातावरचं ते लिंग बघून मला मूठमातीच आठवत होती. डॉक्टर ओरडत होते आणि मला ऐकू येत नव्हतं.

"बाई, हितं द्या. म्या धरत्ये."

ओट्यावरची ती बाई दारात येऊन उभी राहिली होती. काळी, हडकुळी, माझ्याच वयाची असावी. जाडंभरडं लुगडं, दंडात कडं, आणि अंगाला मेंढरांचा वास. धनगरीण होती. तिचा तो वास नाकात गेला आणि माझी जात जागी झाली, खोटं कशाला सांगू? ही मांस खाणारी, हिच्या हातावर मल्लीचं लिंग कसं ठेवू, हे सगळं त्या एवढ्याशा वेळात मनात येऊन गेलं.

"हे खाली ठेवायचं नसतं गं," मी कशीबशी म्हणाले.

"ठाव हाय की. तुमच्याच लोकांच्या रानात खताला मेंढरं बसवतो आमी. कुटल्या हातावर धरायचं?"

"डाव्या."

तिनं डावा हात पदराला पुसला, पुन्हा पुसला आणि पुढे केला. तळवा भेगाळलेला होता. "जावा तुमी. तुमी येस्तवर भुईला टेकत न्हाय ते."

मी तिच्या हातावर करडगी ठेवली. मन तयार नव्हतं, तरी हात पुढे गेला. तो कुणी पुढे केला, हे मला आजही सांगता येत नाही. आयुष्यभर देवापुढे "तुझ्या स्वाधीन" असं म्हणत आले होते, पण ते तोंडचं म्हणणं होतं. खरोखरीचं काही कुणाच्या स्वाधीन केलं ते त्या दिवशी, आणि तेही एका अनोळखी बाईच्या.

टेबलापाशी काय झालं ते फार लिहीत नाही. मी माझ्या लेकीचे खांदे दाबून धरले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटत असेल, आई का धरते मला? रक्त आलं, मग फुर्रकन हवेचा आवाज आला, आणि मल्लीची छाती वर उचलली गेली. एकदा, मग पुन्हा. ओठांचा निळेपणा उतरत गेला. डॉक्टरांचा आवाजही उतरला. "आता रडा, बाई," ते म्हणाले, "आता रडायला हरकत नाही." पण रडायला फुरसत नव्हती. पोरगी नळी ओढून काढील म्हणून तिचे दोन्ही हात धरून मी तिच्याशी बोलत बसले. ती झोपली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून पार खाली आलं होतं. आणि मग मला एकदम आठवलं. लिंग!

मी धावत बाहेर आले. ती ओट्यावर पहिल्याच जागी बसली होती. मांडीवर कोपर टेकवून डावा हात पुढे धरलेला, उजव्या हातानं त्याच्या मनगटाला आधार दिलेला. करडगी तळव्याच्या मधोमध. शेजारी कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता, तो तसाच भरलेला होता. तोंडावर माश्या बसत होत्या आणि ती हाकलत नव्हती. समोर लिंबाखाली एक माणूस पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. कुणी रोग्याचा नातलग असेल, असं वाटून मी त्याच्याकडे पुन्हा बघितलंही नाही.

मी करडगी उचलून घेतली तरी तिचा हात तसाच उघडा राहिला. बोटं मिटत नव्हती तिची.

"हाय का पोरगी?" तिनं विचारलं.

"आहे. श्वास घेते आता."

"बरं झालं, माय. लई बरं झालं."

मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती मागे सरली. मी म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"उपकार कसलं त्यात? हात रिकामंच हुतं की माजं."

एवढं बोलून ती भिंत धरून उठली. लिंबाखालच्या माणसाकडे बघून तिनं मान हलवली. तो उठून आला. दोघं ओट्याच्या टोकाच्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं मूल होतं. झोपलेलं पोर घेतात तसंच घेतलेलं. घोंगडीतून दोन लहान पाय बाहेर आले होते. एका पायात काळा दोरा होता. पाय हलत नव्हते.

नर्सबाई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं सांगितलं. मुलगा होता, मल्लीएवढाच. हाच आजार. यांचं बिऱ्हाड मेंढरांबरोबर लांबच्या रानात उतरलेलं, आणायला फार उशीर झाला. सकाळी गेला. बाप तळावर निरोप द्यायला गेला आणि तो येईपर्यंत आई ओट्यावर बसली होती. तेवढ्यात मी आले. तो माणूस केव्हाच परत आला होता, नर्स म्हणाली. बायकोपुढे येऊन उभा राहिला. तिनं आपला हात त्याला दाखवला आणि मान हलवली. तो जाऊन लिंबाखाली बसला. माझी पोरगी जगते का मरते ते कळेपर्यंत ती दोघं आपलं गेलेलं पोर आत ठेवून बाहेर थांबली होती.

मी फाटकापर्यंत धावले. रस्त्याला बैलगाड्या होत्या, गिरणी सुटल्याची गर्दी होती, आणि ती दोघं कुठं दिसेनात. हाक मारायची तर नाव पाहिजे. नाव मला ठाऊक नव्हतं. मी तिथंच धुळीत बसले आणि मोठ्यानं रडले. लोक बघत होते, बघू देत. माझं पोर वाचलं होतं आणि मी पोर गेल्यासारखी रडत होते.

संध्याकाळी अत्ती दवाखान्यात आली. अंगावरचं ओलं लुगडं अंगावरच वाळलं होतं. वळसंगहून हेही येऊन पोचले आणि मल्लीच्या पायाशी भिंतीला डोकं लावून उभे राहिले. अत्तीनं पहिल्यांदा लिंगाचं विचारलं. कुठं आहे, कुणी काढलं, कुठं ठेवलं होतं? मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, आता अय्यांना बोलावणं जाईल, शुद्ध करायचं निघेल, धनगरणीच्या हातचं म्हणून नवं लिंग घ्यायचीही भाषा होईल.  पण अत्तीनं विचारलं, "ती बाई पाणी तरी प्याली का गं?"

"नाही, अत्ती."

तिनं माझ्याकडून करडगी घेतली आणि आपल्या डाव्या हातावर ठेवून बघत बसली. तोंड वेडंवाकडं झालं तिचं. "आपण आवळून बांधलं," ती म्हणाली, "आणि तिनं नुसतं हातावर ठेवलं." एवढंच. पुढं कधी त्याबद्दल आमचं बोलणं झालं नाही. मल्लीच्या गळ्याला जखम होती म्हणून अय्यांच्या सांगण्यावरून लिंग तिच्या दंडाला बांधलं. ते अत्तीनंच बांधलं, सैल, आणि शुद्धीचं नावसुद्धा घेतलं नाही.

मल्ली बरी झाली. नळी निघाली, जखम भरली, पोरगी पुन्हा जिन्यावरून धावू लागली. आवाज मात्र परत आला नाही. घोगरा, दबका, कुणी बारकाईनं ऐकलं तरच कळावा असा राहिला, तो कायमचा. यांनी तिला पुन्हा कधी भोंगा म्हटलं नाही. यांनी त्या बाईचा शोध पुष्कळ केला. वळसंगच्या शेतकऱ्यांना विचारलं, बाजाराला येणाऱ्या धनगरांना विचारलं. मेंढरं पुढं निघून गेली होती. कुणी म्हणे सांगोल्याकडची असतील, कुणी म्हणे कर्नाटकातली. पोर गेल्यावर माणसं त्या रानात पुन्हा उतरत नाहीत, असंही एक म्हातारा म्हणाला.

आमच्या नात्यातल्या बायका ही हकिगत ऐकून हात जोडतात. म्हणतात, अगं, ती बाई नव्हतीच, साक्षात देवी उभी राहिली होती तुझ्यासाठी. त्यांचा भाव चांगला असतो, पण मला राग येतो. मी त्यांना स्पष्ट सांगते, बाईच होती ती. देवी म्हटलं की तिचं पोर मेलंच नाही असं होतं. त्या घोंगडीतले पाय मी बघितलेत. कृपा माझ्या दारी आली ती हसत आली नाही, आपलं मेलेलं पोर मागे ठेवून आली. माझं ठेवलंस आणि तिचं का नेलंस, हे मी देवाला पुष्कळ वर्षं विचारलं. उत्तर मिळालं नाही. पण विचारता विचारता माझी अढी कधी गेली ते मला कळलं नाही. एवढ्या दुःखात ज्यानं त्या बाईचा हात पुढे करवला, तो कुणीतरी माझाही आहे, एवढं मात्र पटलं. त्याच्यावर जोर चालत नाही. त्याला आवळून धरताही येत नाही.

आता मी म्हातारी झाले. अत्ती गेली, हे गेले. मल्लीची मुलं मोठी झाली. सकाळी अंघोळ करून पूजेला बसते, लिंग तळहातावर घेते. पूर्वी मागणं लांबलचक असायचं. आता मल्लीसाठी मागते आणि मग त्या मुलासाठी. त्याचं नाव मला माहीत नाही. देवाला माहीत असेल, म्हणून मी तिथंच थांबते.